टेबलटॉप आरपीजी कॅरेक्टरसाठी फ्री लायसन्सवाली चित्रं कशी शोधायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र (कॅरेक्टर) होऊन खेळायचा गोष्टीचा खेळ. नवीन कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत (सेशनमध्ये) चालणारी गोष्ट, सुरू व्हायचं असलं की सेशन झिरोच्या, म्हणजे तयारीच्या बैठकीच्या आसपास तेच प्रश्न परत परत येतात आणि मी दर वेळी तुकड्यातुकड्यात उत्तरं देत बसतो, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकलंय. मी वकील नाही. बरीच वर्षं जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आहे, दोन-तीन छोटी ॲडव्हेंचर (इतरांना खेळता येतील अशा तयार गोष्टी) पीडीएफ काढलीयेत, त्यात जे शिकलो ते हे.

आम्ही तर घरीच खेळतो, नेटवरून कुठलंही चित्र उचललं तर काय बिघडतं?

चार मित्र टेबलाभोवती बसलेत आणि कॅरेक्टर शीटवर एक चित्र चिकटवलंय, तर त्यासाठी कोणी तुमचं दार ठोठावणार नाही, हे खरंय. पण चित्रावरचा हक्क चित्रकाराचाच राहतो, आणि मुख्य म्हणजे गेम घरातच राहत नाही ना, कोणीतरी सेशन रेकॉर्ड करून टाकतं, कोणी स्ट्रीम सुरू करतं, कोणाला वाटतं की अरे ही स्टोरी भारी झालीये, हिची पीडीएफ काढूया. माझंच सांगतो. दोन वर्षं चाललेल्या कॅम्पेनचं ॲडव्हेंचर करायचं ठरवलं, एनपीसींच्या (जीएम चालवतो त्या पात्रांच्या) फोल्डरमध्ये ३४ चित्रं होती, फाइलची नावं "चेहरा १", "चेटकीण फायनल" अशी, आणि त्यातल्या ३१ चित्रांचा चित्रकार कोण हे दोन आठवडे शोधूनही कळलं नाही. ती ३१ च्या ३१ काढून टाकली. आमच्या खेळाडूंना त्या म्हाताऱ्या नावाडीणीचा चेहरा पाठ झाला होता आणि पीडीएफमध्ये तिच्या जागी दुसरीच बाई आली, ते मला आजही खटकतं. तेव्हापासून चित्र डाउनलोड केलं की त्याच क्षणी लिंक, नाव आणि लायसन्स लिहून ठेवतो, मग ते फक्त एका वन-शॉटसाठी (एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळासाठी) का असेना.

"फ्री" म्हणजे नक्की काय? फुकट दिसतंय म्हणजे फ्रीच ना?

नाही, इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. चित्र फुकट बघता येतं आणि डाउनलोड होतं, यावरून वापरायची परवानगी आहे असं होत नाही. "रॉयल्टी-फ्री" म्हणजे पण फुकट नाही, त्याचा अर्थ एवढाच की एकदा पैसे दिले की दर वापराला परत द्यायचे नाहीत. आपल्याला हवी असतात ती दोन प्रकारची चित्रं: एक म्हणजे पब्लिक डोमेन, ज्यावर कोणाचाच कॉपीराइट उरलेला नाही, आणि दुसरी म्हणजे ज्यांवर चित्रकाराने स्वतःहून खुलं लायसन्स लावलंय, आणि ते बहुतेक वेळा क्रिएटिव्ह कॉमन्सचं (सीसी) असतं.

अनस्प्लॅश, पिक्साबे या फुकट फोटोंच्या साइट्सचं पण लोक सर्रास "सीसी झिरो आहे" म्हणून सांगतात. आधी होतं. अनस्प्लॅशने २०१७ मध्ये आणि पिक्साबेने २०१९ मध्ये स्वतःचं वेगळं लायसन्स आणलं. वापरायला अजूनही सोपंच आहे, पण जसंच्या तसं चित्र विकता येत नाही वगैरे अटी आहेत, तेव्हा चित्रांचा पॅक बनवून विकायचा विचार असेल तर अटी वाचा.

सीसीच्या पुढची ती अक्षरं काय असतात?

सीसी झिरो: चित्रकाराने सगळे हक्क सोडलेत, काहीही करा, नाव द्यायचंही बंधन नाही (मी तरी देतो). सीसी बाय: काहीही करा, विका, बदला, फक्त श्रेय द्या. बाय-एसए: श्रेय द्या, आणि चित्रात बदल करून पुढे दिलंत तर ते त्याच लायसन्सखाली द्या. एनसी जोडलेलं असेल तर धंद्यासाठी नाही. एनडी असेल तर बदललेलं चित्र पुढे वाटायचं नाही.

एनडी आपल्या कामाला फारसं येत नाही, कारण टोकन (नकाशावर कॅरेक्टर दाखवणारं छोटं चित्र) बनवताना आपण डोकं कापून घेतो, पार्श्वभूमी उडवतो, डोळे लाल करतो. स्वतःपुरतं केलं तर ४.० आवृत्तीत चालतं, पण ते टोकन दुसऱ्यांना वाटलं की अडचण. मी सर्च करतानाच एनडी गाळून टाकतो.

एनसीवालं चित्र कुठे चालतं?

मित्रांसोबतचा गेम, फुकट वाटलेलं कॅरेक्टर शीट, इथे बिनधास्त. विकायची पीडीएफ, क्राउडफंडिंग, इथे नाही. मधली जागा अवघड आहे: स्ट्रीमवर जाहिराती येतात, किंवा पीडीएफ फुकट आहे पण ती सबस्क्राइब करणाऱ्यांनाच मिळते. लायसन्समध्ये "मुख्य हेतू पैसा किंवा व्यापारी फायदा" अशा अर्थाची भाषा आहे, आणि हेतू काय होता यावर वाद घालायची वेळ यावी असं कोणालाच वाटत नाही, त्यामुळे पुढेमागे पैशांचा संबंध येऊ शकतो असं थोडंही वाटलं तर एनसी टाळा.

एसए चित्र पुस्तकात टाकलं तर माझं अख्खं पुस्तक एसए होतं का?

साधारणपणे नाही. मजकुराच्या शेजारी चित्र ठेवलंय एवढंच असेल तर तो संग्रह झाला, चित्र त्याच्या लायसन्सखाली राहतं आणि तुमचा मजकूर तुमचा राहतो, श्रेयाच्या पानावर तसं स्पष्ट लिहा म्हणजे झालं. पण तेच चित्र रंगवून, त्यावर शिंगं चढवून, दुसऱ्या चित्रात मिसळून नवीन चित्र केलंत, तर ते नवीन चित्र मात्र एसएखाली द्यावं लागतं. कव्हरसाठी मी सीसी झिरो किंवा साधं बायच घेतो, तिथे टायटल आणि चित्र इतकं एकमेकांत मिसळतं की उगाच डोक्याला ताप.

मुद्द्याचं सांगा, शोधायचं कुठे?

तुम्हाला कसलं चित्र हवंय त्यावर आहे, म्हणून मी सगळ्यांना एकच साइट सांगत नाही.

फँटसी पोर्ट्रेटच हवं असेल तर आधी बॅटल फॉर वेसनॉथ या ओपन सोर्स गेमची चित्रं बघा, २००३ पासून चालू असलेला प्रोजेक्ट आहे, एल्फ, ऑर्क, बुटके, मेलेले-पण-चालणारे असे सगळे त्यात आहेत. जुनं बरंच काम जीपीएलखाली आणि नवीन सीसी बाय-एसए ४.० खाली आहे. टेबलावर वापरायला दोन्ही ठीक, पण जीपीएल हे मुळात सॉफ्टवेअरचं लायसन्स असल्याने छापील पुस्तकात ते कसं पाळायचं हा किचकट विषय होतो, म्हणून पुस्तकासाठी सीसीवालंच निवडा. डेव्हिड रेव्हॉय या फ्रेंच चित्रकाराची पेपर अँड कॅरट ही वेबकॉमिक २०१४ पासून सुरू आहे आणि ती सीसी बायखाली आहे, चेटकिणी, मांजरं, औषधांच्या बाटल्या, जंगलं, आणि रंगकाम इतकं सुंदर की हलक्याफुलक्या कॅम्पेनला अगदी फिट्ट बसतं.

ओपनगेमआर्टवर पोर्ट्रेट कमी आणि पिक्सेल आर्ट जास्त मिळतं, पण तिथे प्रत्येक पानावर लायसन्स लिहिलेलं असतं आणि फिल्टर लावता येतो. पिक्सेल कॅरेक्टर आवडत असतील तर २०१२ च्या लिबरेटेड पिक्सेल कप स्पर्धेतून निघालेला स्प्राइट जनरेटर (छोटी पिक्सेल पात्रं बनवणारं टूल) वापरून बघा, केस, चिलखत, कातडीचा रंग, शेपूट, पंख सगळं निवडता येतं, आणि कुठला भाग कोणी काढला त्याची यादीही तो जनरेटर देतो. बाकीच्यांनी पण असंच करावं असं मला फार वाटतं. केनी या गेमसाठी चित्रं बनवणाऱ्याची सगळी ॲसेट्स सीसी झिरो आहेत, साधी आणि गोंडस.

चेहरा नकोच असेल, म्हणजे १२ गॉब्लिन आहेत आणि प्रत्येकाला पोर्ट्रेट कोण शोधणार, तर गेम-आयकॉन्स ही साइट. ४००० च्या वर आयकॉन, बहुतेक सीसी बाय ३.०, साइटवरच रंग बदलून डाउनलोड होतात. मी प्रत्येक टोळीला एक आयकॉन आणि एक रंग देतो, खेळाडूंना लांबूनही कळतं कोण कोणाचं.

विकिमीडिया कॉमन्सवर एनसी आणि एनडी मुळातच घेत नाहीत, त्यामुळे तिथे गाळणी आधीच लागलेली असते. आणि ओपनव्हर्स, म्हणजे आधीचं सीसी सर्च, एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी शोधतं, सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर तिथून करा.

पण माझं मन विचाराल तर म्युझियम. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या वर फोटो सीसी झिरो करून टाकले, स्मिथसोनियनने २०२० मध्ये २८ लाख, शिकागो, क्लीव्हलँड, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, सगळ्यांनी आपली कपाटं उघडून ठेवलीयेत आणि आरपीजीवाल्यांना त्याचा पत्ताच नाही.

म्युझियममध्ये सगळे म्हातारे गोरे सरदारच असतात ना?

"पोर्ट्रेट" एवढंच टाकून सर्च केलं तर हो, ढिगाने सरदार येतात. शब्द बदलून बघा. "ट्रोनी" टाका. सतराव्या शतकात डच चित्रकार असे चेहरे काढायचे, म्हणजे अमुक एका माणसाचं पोर्ट्रेट नाही तर नुसता एक भाव किंवा एक वेश: दात विचकून हसणारा दारुडा, पिसांची टोपी घातलेला पोरगा, विचारात पडलेली म्हातारी. एनपीसीसाठी याहून चांगलं काही मला तरी आजवर मिळालेलं नाही.

"फायूम पोर्ट्रेट" हे पण टाका. रोमन काळातल्या इजिप्तमध्ये, साधारण पहिल्या ते तिसऱ्या शतकात, लाकडी फळीवर मेणाच्या रंगात काढलेले चेहरे, ममीवर लावण्यासाठी. सावळ्या, कुरळ्या केसांच्या, मोठ्या डोळ्यांच्या बायका आणि पुरुष सरळ तुमच्याकडे बघतायत, दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटतच नाहीत. आमच्या एका खेळाडूने तिच्या पॅलाडिनसाठी (धर्मयोद्ध्यासाठी) असा एक चेहरा निवडला, एका कानात मोत्यांचं डूल, भुवया जवळजवळ जुळलेल्या, आणि मग तिने ते डूल आईचं आहे आणि दुसरं हरवलंय असं ठरवलं. त्या हरवलेल्या डुलावर आमची सहा सेशन गेली.

मुघल आणि पर्शियन लघुचित्रांमध्ये एकेकट्या माणसांची अप्रतिम चित्रं आहेत: दरबारी, फकीर, बहिरी ससाणा घेतलेले शिकारी. कुनियोशी या जपानी चित्रकाराचे (१७९८ ते १८६१) योद्धे तर अंगावर येतात. एक विनंती मात्र आहे. खऱ्या माणसांचे आणि लोकांच्या श्रद्धेच्या वस्तूंचे फोटो राक्षस किंवा व्हिलन म्हणून वापरू नका, लायसन्स परवानगी देत असलं तरी. ती मंडळी कोणाची तरी आजी-आजोबा आहेत.

जुनी पुस्तकातली चित्रं कधी मोकळी होतात?

देशादेशांत फरक आहे. बऱ्याच देशांत चित्रकार गेल्यावर ७० वर्षं, भारतात ६०, काही ठिकाणी ५०. अमेरिकेत जुन्या छापील कामांना प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात आणि ती संपली की पुढच्या १ जानेवारीला काम मोकळं होतं, म्हणजे १९२९ सालचं काम १ जानेवारी २०२५ ला झालं. तुमचं पुस्तक सगळीकडे विकलं जाणार असेल तर दोन्ही हिशोबांत बसणारं चित्र घ्या.

माझी नेहमीची नावं: गुस्ताव डोरे (मृत्यू १८८३), काळ्यापांढऱ्या अंधाऱ्या दऱ्या आणि भुतं, हॉवर्ड पाइल (१९११), समुद्री चाचे, योन बाउअर (१९१८), ट्रोल आणि जंगल, इवान बिलिबिन (१९४२), रशियन लोककथा, आर्थर रॅकहॅम (१९३९), वाकडीतिकडी झाडं आणि परी. आणि एच. जे. फोर्ड (१९४१), ज्याने १८८९ ते १९१० मध्ये आलेल्या परीकथांच्या बारा पुस्तकांसाठी चित्रं काढली. ड्रॅगन, राजकन्या, बोलणारे प्राणी, चेटकिणी, एकेका पुस्तकात डझनांनी, बहुतेक एकाच माणसाच्या हातची. पूर्ण कॅम्पेनची चित्रं एकाच शैलीत हवी असतील तर फोर्ड घ्या, डोळे झाकून.

मला निळ्या कातडीची, एक शिंग तुटलेली, हातात व्हायोलिन असलेली टीफलिंग (शिंगं असलेली राक्षसी वंशाची पात्र) हवीये आणि कुठेच मिळत नाहीये!

मिळणारच नाही. हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. फ्री लायसन्सचा साठा मोठा आहे पण तो तुमच्या डोक्यातलं कॅरेक्टर बघून काढलेला नाही, त्यामुळे आधी पूर्ण वर्णन ठरवून मग तसंच्या तसं चित्र शोधायला गेलात की तीन तास जातात आणि शेवटी वैतागून कोणाचं तरी कॉपीराइटवालं चित्र उचललं जातं. उलटं करा. क्लास (योद्धा, जादूगार असा प्रकार) आणि स्वभाव एवढंच ठरवा, दोन-तीन गोष्टी सोडायची तयारी ठेवा, आणि चित्रं बघत बसा, जो चेहरा तुम्हाला थांबवेल तो घ्या आणि चित्रात जे दिसतंय ते कॅरेक्टरमध्ये आणा. डोळ्यावर पट्टी आहे? का आहे? हातात पत्र आहे? कोणाचं? वर सांगितलेलं ते मोत्याचं डूल असंच आलं.

आणि शिंगं, कातडीचा रंग, टोकदार कान या गोष्टी नंतर चढवता येतात, भाव आणि नजर चढवता येत नाही. म्हणून शोधताना "टीफलिंग" नका शोधू, "व्हायोलिन वाजवणारी बाई" शोधा. अशी ढीगभर चित्रं आहेत.

चढवता येतात म्हणजे कशी? मला चित्रकला येत नाही.

मलाही येत नाही. फोर्डचं एखादं रेषांचं चित्र घ्या, स्कॅनचा कागद पिवळट असतो. जिंप या फुकट फोटो-एडिटरमध्ये उघडा, रंग काढून करडं करा, मग लेव्हल्समध्ये उजवीकडची मूठ डावीकडे सरकवत न्या, कागद पांढराशुभ्र होईपर्यंत, आणि डावीकडची थोडी उजवीकडे, रेषा गडद होईपर्यंत. आता या लेयरचा मोड मल्टिप्लाय करा आणि खाली एक नवीन लेयर घालून त्यावर जाड ब्रशने निळा रंग फासा. पांढरं गायब होतं, रेषा तशाच राहतात, खालचा निळा दिसतो. चेहऱ्यावर निळा, झग्यावर तपकिरी, दहा मिनिटांचं काम. कानाला टोक द्यायला तीन रेषा लागतात. शिंगं पाहिजेत तर म्युझियमच्या फोटोतली बकऱ्याची शिंगं कापून लावा, ती पण सीसी झिरोचीच बघून.

साइजचं म्हणाल तर व्हीटीटीवरच्या (ऑनलाइन खेळायच्या आभासी टेबलावरच्या) टोकनला ४०० पिक्सेलचा चौकोन सहसा पुरतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा, म्हणजे ३ बाय ४ इंचांच्या पोर्ट्रेटला ९०० बाय १२००. छोटं चित्र ताणून मोठं करू नका, छापल्यावर फार वाईट दिसतं.

श्रेय कसं लिहायचं?

चार गोष्टी: चित्राचं नाव, चित्रकार, मूळ पानाची लिंक, लायसन्स आणि त्याची लिंक. बदल केला असेल तर तेही. उदाहरणार्थ: "दलदलीतली चेटकीण, चित्रकाराचं नाव किंवा युझरनेम, मूळ पानाची लिंक, सीसी बाय ४.०, पार्श्वभूमी काढली आणि रंग बदलले." नुसतं "चित्रं इंटरनेटवरून साभार" हे श्रेय नाही. पीडीएफमध्ये शेवटच्या पानावर, स्ट्रीम असेल तर व्हिडिओखाली, व्हीटीटीवर असेल तर कॅरेक्टरच्या नोट्समध्ये.

आवृत्ती पण लिहा, ३.० की ४.०, कारण जुन्या आवृत्त्यांमध्ये श्रेय चुकलं की परवानगी तिथल्या तिथे संपते, तर ४.० मध्ये चूक कळल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर परवानगी आपोआप परत मिळते. जुन्या लायसन्सच्या चित्रांवर श्रेयातल्या बारीकशा चुकीसाठी पैसे मागणारे लोक आहेत, तेव्हा २.० दिसलं की दुप्पट काळजी घ्या.

अपलोड करणाऱ्यानेच चोरलेलं असलं तर?

असं होतं, आणि बऱ्यापैकी होतं. कोणीतरी प्रसिद्ध गेमचं चित्र उचलून सीसी झिरो म्हणून टाकतं. वापरायच्या आधी टिनआय किंवा गुगल लेन्सवर एकदा उलटा सर्च करा, म्हणजे चित्र देऊन ते आणखी कुठे आहे ते शोधा. त्या माणसाची बाकीची चित्रं बघा, एकाच हाताची वाटतायत का? पाच चित्रं पाच शैलींत असतील तर सोडून द्या. पिंटरेस्टवरचं चित्र हे फक्त शोधाची सुरुवात, तिथून मूळ पान सापडलं तरच पुढे जा. डेव्हियंटआर्टवर काही चित्रकार स्वतः सीसी लावतात, ते चित्राच्या पानावरच दिसतं; दिसलं नाही तर हक्क राखीव आहेत असंच धरा.

एसआरडी (डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीचे खुले केलेले मूळ नियम) सीसीखाली आलाय, मग डी अँड डीच्या पुस्तकातली चित्रं पण चालतील ना?

नाही. एसआरडी ५.१ जानेवारी २०२३ मध्ये सीसी बाय ४.० खाली आला, पण त्यात फक्त मजकूर आहे. चित्रं आणि लोगो त्यात येत नाहीत.

एआयने बनवलेलं चालेल का?

मी वापरत नाही, ज्यांच्या चित्रांवर ती मशीन शिकली त्यांना कोणी विचारलं नाही म्हणून. व्यवहाराचं बोलायचं तर अमेरिकेत निव्वळ मशीनने काढलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही, २०२३ मध्ये कोर्टाने तसं म्हटलं आणि २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने ते कायम केलं, म्हणजे तुमच्या कव्हरवरचं तसलं चित्र दुसऱ्या कोणी उचललं तर तुम्ही फारसं काही करू शकत नाही. आणि फ्री चित्रांच्या साइटवर आता एआयची चित्रं भरपूर घुसलीयेत, बोटं आणि चिलखताचे पट्टे नीट बघून घ्या, पट्टा कुठून येतो आणि कुठे जातो ते कळत नसेल तर पुढे चला.

एक चित्र फार आवडलंय पण लायसन्सच नाहीये. चित्रकाराला विचारू का?

विचारा ना! लोक यालाच घाबरतात. छोटा मेसेज करा: कुठलं चित्र, कशासाठी, पैसे घेणार की नाही, श्रेय कसं देणार. मी आजवर जेवढ्यांना विचारलं त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी आनंदाने हो म्हटलं, एकीने तर मूळ मोठी फाइल पाठवली. नाही म्हटलं तर नाही, वाद घालू नका. उत्तरच आलं नाही तर तेही "नाही" समजा. आणि "हो" आलं तर तो मेसेज जपून ठेवा.

चित्र वापरलं आणि नंतर चित्रकाराने लायसन्स बदललं, किंवा पानच उडालं?

सीसी लायसन्स एकदा दिलं की मागे घेता येत नाही, तुम्ही अटी पाळताय तोपर्यंत तुमची परवानगी कायम असते. फक्त त्या दिवशी त्या पानावर ते लायसन्स होतं हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. म्हणून डाउनलोड करताना पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा, शक्य असेल तर पान वेबॅक मशीनवर (वेब पानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर) सेव्ह करा, आणि चित्राच्याच फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल ठेवा. माझ्या फाइलमध्ये एका चित्राला एक ओळ असते: फाइलचं नाव, चित्रकार, लिंक, लायसन्स, तारीख, आणि शेवटी कुठल्या कॅरेक्टरला लावलं ते. नवीन नावाडीण त्यात ७ व्या ओळीवर आहे.